नावातला काना

लुइका अळूच्या खाचरातून आली ती चिखलाच्या पायांनी तशीच स्वयंपाकघरात शिरली आणि म्हणाली, "नाव आलं."

नोहेआ पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली होती. दिवस भरत आले होते. तिचा नवरा कामुएला होडी घेऊन गेला तो परतलाच नव्हता, आणि तेव्हापासून घरात या दोघीच, सासू नि सून. भांडण असं नव्हतं. दोघी एकमेकींशी जपून बोलत, ते भांडणाहून वाईट होतं.

"स्वप्नात?"

"मग काय टपालानं येतं?"

त्यांच्या बेटावर, हनालेईच्या खोऱ्यात, स्वप्नात आलेलं नाव कुणी टाळत नाही. टाळलं तर मूल किरकिरतं, प्यायलेलं दूध अंगी लागत नाही. नोहेआचा यावर विश्वास होता की नव्हता, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. पण पोटात मूल असताना असल्या गोष्टींशी कोण वाद घालत बसणार?

"आलं होतं कोण?"

"कामुएला. नखशिखांत भिजलेला. तिथं, दारात उभा. म्हणाला, 'कउआ', आणि तेवढ्यात मेला तो कोंबडा आरवला."

खोऱ्यात रानकोंबड्यांचा नुसता सुळसुळाट, आणि त्यांना वेळेचं भान कधीच नसतं. नोहेआला हसू आलं आणि पाठोपाठ रागही.

"कउआ म्हणजे युद्ध. माझ्या लेकराचं नाव युद्ध?"

"अगं, तोडून म्हण. क उआ. पाऊस. पुढं 'नोए' म्हणणार होता. कउआनोए, धुक्यासारखा भुरभुर पाऊस. बघ बाहेर."

बाहेर तोच होता. पडतो म्हणावं असा तो पाऊस नव्हेच. डोंगरावरून उतरतो आणि खाली यायचं विसरून हवेतच रेंगाळतो. दोरीवरचे कपडे कधी ओले झाले ते कळत नाही. कामुएला सकाळी यातच उघड्या डोक्यानं हिंडायचा, आणि घरात आला की त्याच्या भुवयांवर पांढरे बारीक मणी असायचे. नोहेआ खिडकीकडे बघत राहिली. बघताबघता खाचरं विरली, मग डोंगर विरला, आणि धुक्यात कुणीतरी चालतंय असं तिला वाटलं. मग तिची तीच भानावर आली.

नाव कसं अगदी वेळेवर आलं होतं! तिनं नुकतंच सांगून टाकलं होतं, बाळ झालं की बहिणीकडं जाईन, लास वेगासला. तिथं काम मिळतं, घरभाडं झेपतं. "आम्ही दोघं जाऊ," ती म्हणाली होती. त्यावर लुइका नुसतं "आम्ही" म्हणून भांडी घासायला उठली होती.

"टूटू," बाळाआधीच ती सासूला आजी म्हणू लागली होती, "खरं सांग, हे नाव तू रचलंस ना? वाळवंटात पावसाचं नाव कसं नेणार, म्हणून?"

लुइकाचा चेहरा उतरला. उकडलेले अळूचे कंद पुढ्यात ओढून ती पोईच्या लगद्यासाठी ते अशी कुटायला लागली की मांजर घर सोडून पळालं.

मुलगी झाली. घरी आणल्यावर लुइकानं तिला मांडीवर घेतलं ते सोडीचना. सोने म्हणाली, चिमणे म्हणाली, नकटे म्हणाली. कउआनोए मात्र म्हणेना.

"नावानं हाक मार की," नोहेआ म्हणाली.

"नको."

"का? एवढा आटापिटा केलास त्या नावासाठी!"

लुइकानं बाळाचं दुपटं उगाच नीट केलं. "अर्धं मी रचलं. तो आखूड नव्हता म्हणाला. लांब म्हणाला. काउआ."

नोहेआच्या अंगावर काटा आला. एका कान्याचा फरक, पण काउआ म्हणजे आपण दोघं. तू आणि मी. निघताना हात पुढं करून म्हणतात ना, चल, आपण दोघं, तसं.

"तुला न्यायला आला होता?"

"लहानपणी असाच दारात उभा राहायचा, समुद्रावर चल म्हणून." लुइकानं बाळाची मूठ हातात धरली. "गेले असते गं मी. तू जाणार, ही जाणार, मग मी कुणासाठी राहू? पाय उचललासुद्धा होता. कोंबड्यानं घात केला."

"आणि मला पाऊस सांगितलास!"

"मग काय सांगू? तुला इथं अडकवायला नाही सांगितलं. तू जाशील तिथं त्याचं काहीतरी बरोबर असावं, म्हणून सांगितलं."

नोहेआला रडू आवरेना. आपण काय काय समजून बसलो होतो! डोळे पुसून ती म्हणाली, "नाव काउआनोएच. लांब."

"चूक आहे ते. आपण दोघी, धुकं? काही अर्थ लागतो का?"

"पहिलं अर्धं त्यानं दिलेलं, तसंच्या तसं. उरलेलं तू दिलेलं."

"शाळेत बाई काना काढून टाकतील."

"काढू देत. आपण जाऊन परत घालू. शाळा काय लांब आहे? पुलापलीकडंच तर आहे."

लुइकानं मान वर केली. "आपण?"

"आपण," नोहेआ म्हणाली.

भर दुपारी मागच्या अंगणात कोंबडा आरवला.

"ओरड मेल्या, ओरड," लुइका म्हणाली, आणि तिनं नातीला पहिल्यांदा नावानं हाक मारली, काना चांगला लांबवून.