मागच्या सीटवरचे दादा

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे असं म्हटलं, तर ते अर्धंच खरं होईल. मी दोन जुन्या सायकली आहे. एकीचं पुढचं चाक ट्रकखाली चेपलं होतं, तर दुसरीचं मागचं चाक गंजून गेलं होतं. दोघी एका दुरुस्तीच्या दुकानामागे गवतात पडून होत्या आणि भंगारवाल्याची वाट पाहत होत्या.

भंगारवाल्याच्या आधी एक बाई आल्या. टेलिफोनच्या कचेरीत नोकरी करून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. वय साठीच्या घरात, पण घरात सगळे त्यांना धाकटीच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणेन.

"मला दोघांची सायकल हवी," धाकटी मिस्त्रीला म्हणाली. "एकामागे एक बसायची. मागच्या माणसाला दिसत नाही."

मिस्त्री कामाला वाघ, पण तोंडाचा फटकळ. "दिसत नाही, तर सायकल कशाला?"

"दिसत नाही. पाय आहेत."

मिस्त्रीने डोकं खाजवलं आणि कामाला लागला. अकरा दिवस तो मला कापत होता, जोडत होता आणि स्वतःशीच भांडत होता. एकीचा मागचा भाग, दुसरीचा पुढचा, मध्ये नवी नळी, आणि दोन्ही पॅडलांना बांधून ठेवणारी लांब चेन. पुढचं पॅडल फिरलं की मागचं फिरणारच. शेवटी हिरवा रंग लागला. ब्रेक पुढे बसवले. घंटी मात्र धाकटीने मागच्या हँडलवर लावायला सांगितली. म्हणाली, "आमच्या दादाला काहीतरी हुकमत लागते हातात."

हे दादा म्हणजे तिचे थोरले भाऊ. तीस वर्षं ते जुन्या कालव्याच्या काठदुरुस्तीचे मुकादम होते. कुठे भराव खचला, कुठे दगड निखळला, ते आधी त्यांना कळे आणि मग कालव्याच्या कचेरीला. पुढे डोळ्यांचं दुखणं आलं आणि दोन वर्षांत सगळा अंधार झाला. तेव्हापासून दादा घराबाहेर पडले नव्हते. जेवायला बोलावलं की जेवत, नाहीतर पलंगावर बसून राहत. धाकटी दोन ट्रंका घेऊन त्यांच्याकडे राहायला आली, तेव्हा त्यांनी तिला फक्त "ये" म्हटलं होतं.

तिने मला अंगणात उभं केलं आणि त्यांचा हात माझ्या मागच्या सीटवर ठेवला. त्यांनी मला चाचपून पाहिलं.

"मी काय पोतं आहे, मागे लादून न्यायला?"

"पोतं पॅडल मारत नाही. तू मारायचं आहेस."

"आणि जायचं कुठे?"

"तीस वर्षं कालवा कालवा करून आमचं डोकं खाल्लंस. एकदा दाखव तरी तो मला."

"मी दाखवू?" दादा म्हणाले. "मी?"

त्यांनी पुन्हा एकदा माझी सीट चाचपली. मग त्यांनी आपले जुने बूट मागितले.

पहिल्या दिवशी आम्ही तीनदा पडलो. चौथ्या खेपेला दोघांचे पाय जुळले आणि गल्ली संपून आम्ही काठाच्या वाटेला लागलो. डावीकडे कालवा, उजवीकडे खाली उतरत गेलेली शेतं आणि त्यांच्यापलीकडे नदी.

मग आमचा नेमच झाला. सकाळी उन्हं वर आली की निघायचं. वाट चांगली असेल तिथे मला चालवायचं, अरुंद असेल तिथे हातात धरून चालायचं. धाकटी माझं हँडल धरे आणि दादा मागची सीट. मी मध्ये असल्यामुळे ते कधी अडखळले नाहीत.

आणि दादांनी कालवा खरोखरच दाखवला. दगडी पुलाच्या कोपऱ्यावर ते थांबले आणि धाकटीची बोटं दगडातल्या खोल खाचांत ठेवली. "पूर्वी काठावरून घोडे चालायचे आणि मागे नाव ओढायचे. त्यांच्या दोरांनी दगड कापलाय हा. शंभर वर्षं तोच दोर, तोच दगड." मैलाच्या दगडांवरचे झिजलेले आकडे ते बोटांनी वाचत. एके ठिकाणी तर कालवाच नदी ओलांडून जातो. खाली नदी, तिच्यावर कमानींचा पूल, आणि पुलावर पुन्हा पाणी. ते पाहून धाकटी इतकी गप्प झाली, की दादांना वाटलं ती पडली की काय. त्यांनी चार वेळा घंटी वाजवली.

"आहे रे, इथेच आहे," ती म्हणाली. "बघू दे जरा."

"मग काय दिसतंय ते सांग की मलाही!"

त्या दिवसापासून ती सांगू लागली. पाणकोंबडीची पिल्लं, झाडाची पडलेली फांदी, पाण्यात उलटी दिसणारी कमान. आधी तिला नीट सांगता येत नसे. "छान आहे" एवढंच म्हणे. दादा चिडत. "छान म्हणजे काय? रंग कोणता? केवढं?" हळूहळू तिची नजर तयार झाली.

मित्रांनो, आता त्या दिवसाचं सांगते, ज्या दिवसामुळे मला लोक ओळखू लागले.

तीन आठवडे पाऊस नव्हता. वाट खडखडीत वाळली होती. उंच भरावावरचा अरुंद भाग होता, म्हणून दोघं मला धरून चालत होती. खाली विटांच्या घरांची एक रांग होती आणि एक धुलाईघर होतं. दोरीवर चादरी वाळत होत्या. अचानक माझं मागचं चाक जमिनीत दोन बोटं रुतलं. सीटवरच्या हाताला ते लगेच कळलं.

"थांब," दादा म्हणाले. "चाक बसलं. इथे ओल आहे?"

"वरून तर कोरडंच दिसतंय."

दादांनी काठी टेकवली. ती सहज आत गेली. त्यांचा आवाज बदलला. "खालच्या अंगाला उतर. कुठे पाणी झिरपतंय का बघ."

धाकटी गवत धरत उतरली. "आहे रे! अंगठ्याएवढी धार आहे. छोटीशीच."

"स्वच्छ आहे की गढूळ?"

"पाण्यासारखं पाणी आहे, दादा."

"तसं नको सांगू. ओंजळीत घे. तळाला काही बसतंय का बघ."

तिने ओंजळ धारेखाली धरली. मग खालून तिचा आवाज आला, "माती बसतेय. बारीक. पिवळी."

"वर ये. लवकर." दादांनी मला वळवायला सुरुवातही केली होती. "स्वच्छ पाणी आलं तर नुसती गळती. माती येत असेल, तर भराव आतून पोखरला जातोय. खाली माणसं आहेत."

कालव्याच्या दरवाजांची चौकी दीड मैलावर होती. इतक्या वेगाने मी त्याआधी कधी धावले नव्हते आणि त्यानंतरही नाही. फक्त चार पाय आणि माझी चेन.

दरवाजेवाला नवीनच बदलून आला होता. त्याने एकदा दादांच्या काळ्या चष्म्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुम्ही पाहिलंत?"

"हिनं पाहिलं. मला कळलं."

"साहेबांना विचारल्याशिवाय मला दरवाजा पाडून पाणी अडवता येत नाही. उद्या माझी नोकरी जायची. कागदावर सही कोण करणार?"

"साहेबांना विचार. पण आधी दरवाजा पाड, नदीकडचा उघड आणि मग विचार," दादा म्हणाले. "आणि कागद आण. मला तो दिसत नाही, पण सही कुठे करायची ते ही दाखवेल."

धाकटीने त्यांचा हात धरून ओळीवर ठेवला. दादांनी सही केली. ती अर्धी कागदावर आणि अर्धी टेबलावर झाली. दरवाजेवाल्याने त्या सहीकडे पाहिलं आणि चाक फिरवायला धावला. कालव्याचं पाणी नदीत उतरू लागलं. धाकटी खालच्या घरांकडे गेली आणि एकेक दार ठोठावून माणसं बाहेर काढू लागली.

दुपारी चारच्या सुमारास भराव बसला. आख्खी खोली मावेल एवढं भगदाड पडलं. पण तोवर कालव्यात चिखलच उरला होता. तोच थोडा घसरून धुलाईघराच्या अंगणात गेला, दोन खांब पडले, एवढंच. माणसाला खरचटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दादांचा आणि साहेबांचा फोटो आला. कडेला माझं मागचं चाक होतं. धुलाईघरातल्या बाया घरी आल्या, नको नको म्हणताना सगळ्या चादरी आणि पडदे घेऊन गेल्या आणि धुऊन, इस्त्री करून परत आणून दिले. कचेरीने दादांना महिन्यातून दोनदा काठ पाहायचं काम दिलं. कागदावर "पाहणी" असंच लिहिलं होतं. दादा ते सगळ्यांना सांगून हसत.

आठ वर्षं आम्ही ती पाहणी केली.

मग एका थंडीत दादांना ताप आला. ते दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत.

पंधरा दिवसांनी धाकटीने मला बाहेर काढलं. एकटीच पुढे बसली. मागची पॅडल्स रिकामी फिरत होती. पहिल्या पुलापर्यंत ती आली. मग उतरली आणि मला धरून चालत घरी आणलं. कोठीत उभं केलं, वर चादर टाकली आणि दार लावून घेतलं.

तिचा राग नाही मला. पण चादरीखाली हवा निघून जाते, रबर तडकतं, चेन जागच्या जागी आखडते. कोळ्यांनी माझ्या दोन हँडलांमध्ये जाळी विणली. तीन वर्षं मी कालव्याचा वाससुद्धा घेतला नाही.

एकदा दार उघडलं, ते मिस्त्रीच आत आला; धाकटीनेच त्याला बोलावलं होतं. केस पांढरे झाले होते, तोंड तसंच होतं. "अशी ठेवतात का कुणी? लाज वाटली पाहिजे!" धाकटीने माझ्यावरची जाळी झाडली. तो मला घेऊन गेला आणि नवे टायर, नवी चेन घालून घेऊन आला. तोवर धाकटीने वाण्याच्या दुकानात एक कागद चिकटवला होता: "ज्यांना दिसत नाही आणि कालवा पाहायचा आहे, त्यांनी यावे. पॅडल मारावे लागेल."

तीन आठवडे कुणी आलं नाही. चौथ्या आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. हाताचं काम अजून चालू होतं, नजर गेली होती. भाची त्यांना दारापर्यंत सोडून गेली. त्यांनी मला हळूहळू चाचपलं, जणू कापड पारखत होत्या, आणि घाबरत घाबरत मागे बसल्या.

"मी पॅडल मारलं नाही, तर तुम्हाला कळेल का हो?"

"लगेच कळेल," धाकटी म्हणाली.

"मग मारते."

आम्ही काठाला लागलो. धाकटी सांगत होती, "डाव्या हाताला पाणी. हिरवट. वर झाडाची सावली, मोडकीतोडकी, कारण वारा आहे..."

मित्रांनो, तुमच्या घरामागे माझ्यासारखी एखादी पडून असेल. तिला बाहेर काढा, पुसा, चेनला तेल द्या, चाकांत हवा भरा. पण एवढं करून तिला भिंतीला टेकवून ठेवू नका. तिच्यावर बसायला कुणाला तरी बोलवा.