दोघेही वाहक

बाई हयातभर व्याकरण शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण निवृत्ती त्यांनी फक्त पेन्शनपुरती मान्य केली होती. पोटचा मुलगाही त्यांना बाईच म्हणायचा. त्यामुळे कानाचे डॉक्टर अर्धं इंग्रजीत सुरू झाले, तसं बाईंनी त्यांना थांबवलं. "मराठीत सांगा. आणि पूर्ण वाक्यात."

नातीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन लवकर करा, भाषा बसण्याचं वय निघून जातंय, असं जो तो सांगत होता. बाईंचं म्हणणं, आधी हे कोणाकडून आलं ते कळू दे. आणि बाईंचं म्हणणं संपलं तरी मुलाचं सुरूच होत नसे.

कोणाकडून आलं हे बाईंना अर्थात ठाऊक होतं. त्यांच्या घराण्यात लोक बोलायचे फार आणि ऐकायचे कमी, पण ते स्वेच्छेने. सुनेचे वडील मात्र बसचे कंडक्टर. लग्नात बाईंनी त्यांची ओळख 'हे वाहक' अशी करून दिली होती. निम्म्या पाहुण्यांना ते आडनाव वाटलं, आणि तो गैरसमज बाईंनी मायेने जपला.

हे व्याही आत्ता शेजारच्या खुर्चीत छोटीला मांडीवर घेऊन बसले होते.

डॉक्टर बिचारे कामाला लागले. कानाच्या आत पेशी भिंतीला भिंत लावून राहतात, म्हणाले, आणि त्या भिंतींतून बारीक नळ्या आरपार गेलेल्या असतात. कनेक्सिन नावाच्या प्रथिनाच्या. अर्धी नळी ह्या पेशीने बांधायची, अर्धी शेजारणीने. दोन्ही अर्धुकं जुळली की इकडचा क्षार तिकडे सरकतो आणि त्या जिवावर ऐकणं चालतं. छोटीचं कनेक्सिनच बिघडलेलं. शेजार आहे, पण देवघेव नाही.

"आमच्या सोसायटीत तेच आहे," व्याही म्हणाले.

वर्गात कुजबुजणाऱ्या पोराकडे पाहावं तसं बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मूळ प्रश्न पुन्हा विचारला. कोणाकडून?

डॉक्टरांच्या ओठांवर इंग्रजी शब्द आला. तो त्यांनी गिळला आणि धडपडून शुद्ध मराठी शब्द शोधला. "वाहकाकडून."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, व्याह्यांकडे तर सावकाश पाहिलं.

"म्हणजे दोघांकडून," डॉक्टर म्हणाले. "सूनबाई वाहक आहेत, तसा तुमचा मुलगाही वाहक आहे."

"माझा मुलगा बँकेत आहे. आमच्या सात पिढ्यांत कोणी तिकीट फाडलेलं नाही."

सून हसली. छोटी झाल्यापासून पहिल्यांदाच हसली असेल. डॉक्टरांना काय चुकलं ते कळेना, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कनेक्सिन बनवायच्या कृतीच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात. दोघा आईबापांकडे एकेक बिघडलेली, पण चांगलीवर त्यांचं भागतं. पोरीच्या वाट्याला नेमक्या बिघडलेल्या दोन्ही आल्या. अशा आईबापांना वाहक म्हणतात.

"म्हणजे अर्धं तिकीट तुमच्याकडचं, अर्धं आमच्याकडचं," व्याही म्हणाले.

बाईंना तत्काळ आपल्या स्वर्गवासी यजमानांचा संशय आला.

ऑपरेशनसाठी पुढच्या आठवड्यातली एक तारीख मोकळी झाली होती आणि उत्तर आजच हवं होतं. मुलाने सवयीने आईकडे पाहिलं. बाई म्हणणार होत्या, आधी यजमान की मी ते ठरू दे. पण त्याआधी सूनच बोलली.

"बाई, पालकांमुळे एखाद्या मुलीची भाषा मागे पडली असती, तर तुम्ही काय केलं असतं?"

बाई विद्यार्थ्यांशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या. "पालकांना शाळेत बोलावलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि उभं ठेवलं असतं."

खोलीत त्या एकट्याच ऐटीत बसल्या होत्या असं नाही, पण त्यांना तसं वाटलं. त्या उठून उभ्या राहिल्या.

"माझ्याकडे काय बघतोस?" त्या मुलाला म्हणाल्या. "डॉक्टरांकडे बघ आणि हो म्हण. पूर्ण वाक्यात."

ऑपरेशन पार पडलं, जखम भरली, आणि यंत्र सुरू करायचा दिवस उजाडला. मधल्या काळात बाईंनी यजमानांवर दोष शाबीत करण्यासाठी स्वतःचं रक्त तपासून घेतलं होतं. वाहक निघाल्या त्या स्वतःच. नातीच्या कानावर पडायचं पहिलं वाक्य त्यांनी स्वल्पविरामासकट तयार ठेवलं होतं. यंत्र सुरू झालं. बाईंनी घसा खाकरायला हात तोंडाशी नेला, तेवढ्यात व्याह्यांच्या खिशातला जुना तिकिटाचा पंच टिकटिकला. धीर सुटला की त्यांची बोटं त्यावर जायचीच.

छोटीने गर्रकन मान वळवली, आजोबांच्या खिशाकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. सून तर मुळूमुळू रडायलाच लागली. बाईंचं वाक्य तसंच राहिलं, आणि एरवी त्यांनी त्याबद्दल कोणालाही सोडलं नसतं.

बाहेर आल्यावर तिथल्या बाकावरच्या एका बाईने विचारलं, बाळाचे तुम्ही कोण?

"वाहक," बाई म्हणाल्या. "हेही वाहकच. फरक इतकाच, ह्यांना पगार मिळायचा."