डागांच्या जागा

"तोंड उजेडाकडं कर," सिताबाई म्हणाली.

प्रतीक्षाने अंगणात उभं राहून तोंड उगवतीकडे केलं. पंपावर जायला उशीर होत होता, पण हा रोजचा नेम चुकवायची सोय नव्हती. आई हनुवटी धरायची आणि सुईत दोरा ओवताना करतात तसे डोळे बारीक करून लेकीच्या चेहऱ्यावरचा एकेक डाग तपासायची. सगळा चेहरा तिला एकदम दिसत नसे. काचबिंदूने कडेची नजर कधीच खाल्ली होती. उरली होती ती फक्त समोरची, जेमतेम बोटभर. तेवढ्या नजरेनं ती आधी डाव्या डोळ्याखाली जायची, मग गालावर, मग जबड्याच्या कडेला.

"डोळ्याखालचा हाय तसाच हाय. गालावरले जरा फिके वाटतेत. का माझंच फिकं झालंय?"

"फिके झालेत आई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या व्हत्या न्हवं, सावकाश जातेत म्हणून."

"जाऊंदे की सावकाश. पर माझ्या डोळ्याच्या आदी जाऊंदे. तेवढं बघून मग गेली नजर तर गेली."

असं आई बोलली की प्रतीक्षा हनुवटी सोडवून घ्यायची, स्कार्फ गुंडाळायची आणि स्कूटीला किक मारायची.

नळदुर्गच्या अलीकडे, हायवेला लागून त्यांचं घर. बाप बिरू मेंढरं राखायचा. प्रतीक्षा बारावी झाली, पुढं शिकायचं राहिलं, आणि ती हायवेवरच्या पेट्रोल पंपावर लागली. निळा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात नोझल आणि पुढ्यात दिवसभर हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रका. मुरमांनी तिला कॉलेजातच गाठलं होतं. एक बसायचं, दुसरं उठायचं, आणि जाताना प्रत्येक मुरूम आपला काळा डाग मागे ठेवून जायचं. कोणी म्हणे लिंबू चोळ, कोणी म्हणे टूथपेस्ट लाव. पंपावरच्या एका ड्रायव्हरने तर न विचारता सांगितलं, की त्याच्या मेहुणीचे असेच होते, लग्न झाल्यावर गेले. असले वैद्य या देशात काय कमी आहेत.

सिताबाईचा भरवसा मात्र, डॉक्टरीणबाई भेटायच्या आधी, जायफळावर. सहाणेवर दुधाचे थेंब टाकून ती जायफळ उगाळायची, लेकीचं डोकं मांडीवर घ्यायची आणि करंगळीने एकेका डागावर गंध लावावं तसा लेप लावायची. डाग जात नव्हते, हे दोघींनाही दिसत होतं. तरी प्रतीक्षाने कधी नको म्हटलं नाही. दिवसभर ट्रकवाल्यांची वटवट ऐकून आलेल्या पोरीला ती मांडी फार बरी वाटायची.

त्या पावसाळ्यात मेंढरांची खुरं सडली. खुराला बिब्बा लावतात, हे धनगराच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. बिब्ब्याला सुई टोचायची, दिव्यावर धरायचा, आणि ठिबकेल ते काळं तेल जखमेत भरायचं. एवढं मात्र प्रत्येक घरात पाळतात, की ते तेल घरच्या भांड्याला लागू द्यायचं नाही. त्याचा थेंब माणसाच्या कातड्याला लागला तर भाजल्यासारखे फोड येतात. बिब्बा उतला म्हणतात त्याला. त्या संध्याकाळी पाऊस कोसळत होता, एक मेंढी उभी राहीना, बिरू हाका मारत होता, आणि सिताबाईने तेल झेलायला हाताला लागली ती सहाण उचलली. नंतर तिने ती राखेनं घासली, पुन्हा घासली, उजेडात धरून बघितली. स्वच्छ दिसली. म्हणजे तिला दिसली.

दुसऱ्या दिवशी रात्री तिने त्याच सहाणेवर जायफळ उगाळलं.

सकाळी प्रतीक्षाचा चेहरा सुजला होता. जिथं जिथं आईची करंगळी टेकली होती, तिथं तिथं फोड आला होता. बिरूने सहाण उचलून दारात नेली. कडेच्या खाचेत काळा थर चकचकत होता, लांबून कुणालाही दिसावा असा.

"अगं, हे तुला दिसलं न्हाय?" बिरूने विचारलं.

सिताबाई सहाणेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "कुठंय?"

आईची नजर जातेय हे घराला असं कळलं. सोलापूरच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. थेंब घाला, उरलेली जपा. आणि उमरग्याच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी प्रतीक्षाला सांगितलं, की मुरमांचे डाग काय आणि बिब्ब्याचे डाग काय, घाई केली की वाढतात. साध्या फेसवॉशने तोंड धुवायचं, खसाखसा पुसायचं नाही. मग मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन, दुपारी पुन्हा सनस्क्रीन. रात्री डागांवरचं औषध, मटारएवढंच. लिंबू, हळद, जायफळ सगळं बंद. ऊन चुकवायचं.

"पंपावर असते मी," प्रतीक्षा म्हणाली.

"मग दुपारचं अजिबात चुकवू नकोस," बाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी सनस्क्रीन लावून गेली तर इरम्माने, तिच्याबरोबर पंपावर असायची ती बाई, वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय गं, भाकऱ्या थापताना परातीत पडलीस काय?" सगळे हसले. प्रतीक्षाही हसली. दुपारी तीच इरम्मा नोझल हातातून काढून घ्यायची आणि म्हणायची, "जा, पीठ लावून ये."

घरी सगळ्यात जास्त पथ्य पाळलं ते सिताबाईने. ट्यूबांची नावं तिला जमली नाहीत, पण आकारावरून तिने त्या ओळखीच्या करून घेतल्या. चपटी ती उन्हाची, बारीक ती रातीची. चुलीजवळ पोरीला फिरकू देईना. सहाण तिने पडक्या विहिरीत टाकली. मांडीवर डोकं घेणंही बंद झालं, कारण डागांना हात लावायची तिला भीती वाटायची. स्वतःच्या डोळ्यांत थेंब घालायला विसरायची, लेकीची रातीची ट्यूब कधी विसरली नाही. आणि सकाळ झाली की अंगणात उभी. तोंड उजेडाकडं कर.

दसरा गेला, दिवाळी आली. डाग हलत होते, पण गोगलगाईसारखे. आईची नजर त्याहून भराभर चालली होती. आता ती उंबरठ्याला ठेचकाळायची, ताटातली चटणी चाचपून बघायची. प्रतीक्षाला रात्री झोप येईना. आपले डाग राहिले तर राहिले, त्याचं तिला आता काहीच वाटत नव्हतं. पण आई आंधळी होताना शेवटचं बघणार ते स्वतःच्या हातानं केलेले काळे डाग, हे तिच्याच्याने सोसवेना.

म्हणून तिने ते केलं. इरम्माकडून फाउंडेशनची बाटली आणली, पहाटे उठून गोठ्यात आरसा टांगला, आणि एकेक डाग बुजवला. मग आपणहून अंगणात येऊन उभी राहिली.

"आई, बघ आज."

सिताबाईने हनुवटी धरली. डोळ्याखाली बघितलं, गालावर बघितलं, जबड्याच्या कडेला बघितलं.

"गेले की गं. आवं, ऐकलं का, गेले बगा पोरीचे."

किती दिवसांनी तिने भीती सोडून लेकीच्या गालावरून हात फिरवला. दोन्ही हातांनी, कपाळापासून हनुवटीपर्यंत. आणि थांबली. अंगठा तिने डोळ्यांपाशी नेला, नाकापाशी नेला. अंगठ्यावर तांबूस लेप आला होता. तिने पुन्हा लेकीच्या गालाकडे बघितलं. पुसल्या जागी डाग होता तिथंच होता.

"रंग लावलाय व्हय," ती म्हणाली.

"आई, म्या—"

"असूंदे. उशीर व्हईल तुला. जा."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती दिवसभर जेवली नाही, एवढंच बिरूने संध्याकाळी सांगितलं. त्यानंतर सकाळी तिने लेकीला अंगणात बोलावणं सोडलं. आणि संक्रांत व्हायच्या आत उरलेली बोटभर नजरही गेली.

डाग गेले ते उन्हाळ्याच्या तोंडाला. कुठल्या दिवशी गेले ते प्रतीक्षालाही कळलं नाही. उमरग्याच्या बाईंनी दिव्याखाली चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "रात्रीचं औषध बंद. सनस्क्रीन तेवढं चालू ठेव." बाहेर पडून ती बसस्टँडवर बसली आणि तोंडावर स्कार्फ ओढून रडली. लोकांना वाटलं असेल, बाईंनी काहीतरी वाईट सांगितलं.

घरी आई दारात बसली होती.

"आई, डाग गेले. खरंच गेले."

"बरं झालं बाई," सिताबाई म्हणाली. लहान पोराला म्हणतात तसं म्हणाली.

"आप्पा, तुमी सांगा की हिला."

बिरू मेंढरं कोंडून येत होता. तो जवळ आला, लेकीचा चेहरा बघितला, आणि त्याचाच आवाज ओला झाला. "व्हय गं सिता. एक न्हाय ऱ्हायला. देवाशप्पत."

"तुमी तिचेच. ती रडली की तुमाला काय बी दिसतं." सिताबाई हसली. "असूंदे. मला बरं वाटावं म्हणून बोलताय, कळतंय मला."

प्रतीक्षाने आईचा हात धरून गालावर ठेवला. पण गाल तर केव्हाचा गुळगुळीत होता. डाग हाताला थोडेच लागतात. हाताला काय कळणार होतं?

दुसऱ्या दिवशी ती पंपावर निघाली, तेव्हा सिताबाईने हाक मारली.

"उन्हाची ट्यूब लावलीस?"

"लावते."

"आण हिकडं. आज म्या लावते. बिब्बा न्हाय हितं कुठं, ट्यूबच हाय." 

प्रतीक्षाने चपटी ट्यूब आईच्या हातात दिली. सिताबाईने ती चाचपली, टोपण काढलं, करंगळीवर जरासं घेतलं, आणि दुसऱ्या हाताने लेकीची हनुवटी शोधली. आधी डाव्या डोळ्याखाली टेकवलं. मग गालावर, एकाशेजारी एक. मग जबड्याच्या कडेला. एक जागा चुकली नाही.

प्रतीक्षा हलली नाही. तिने तोंड उजेडाकडे करून ठेवलं होतं.