कोरी राहिलेली तीन भोकं

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे, आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. म्हातारी माणसं गोड गोड आठवणी सांगतात, तसं काही माझ्याकडून ऐकायला बसला असाल तर निराश व्हाल. आधीच आमच्या जातीचं नाव चांगलं घेत नाहीत. 'दुसऱ्याच्या कुबड्या घेऊन चालू नका' असं भाषणात ठोकून देणारे पुष्कळ असतात. त्यांचे दोन्ही पाय धडधाकट असतात, हे वेगळं सांगायला नको.

मला एका सुताराने घडवलं. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांची नात, लेकीची लेक, सहा वर्षांची होती. ती सारखी गरगर फिरायची म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत. तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना डाव्या पायातली ताकद घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं, "पाय पूर्ववत होणार नाही. पण आधार देऊन रोज चालवा. बसून राहिली तर कंबर वाकडी होईल, आणि मग ती सरळ करणं माझ्या हातात नाही."

आबांनी दुसऱ्याच दिवशी लाकूड निवडलं. कुऱ्हाडीच्या दांड्याला वापरतात तसलं, चिवट. मला बनवताना ते कधी घाईत नव्हते. काखेत टोचू नये म्हणून वरच्या आडव्या पट्टीवर जुन्या कोटाचं कापड गुंडाळलं, खाली रबराचं बूच बसवलं. माझा खालचा दांडा वरखाली सरकतो. त्यात त्यांनी सहा भोकं पाडली. पोर वाढेल तसा बोल्ट काढायचा, दांडा एका भोकाने लांब करायचा, पुन्हा बोल्ट घालायचा. मुठीचंही तसंच. सहाव्या भोकाच्या पुढेही त्यांनी चार बोटं लाकूड मोकळं ठेवलं होतं.

"एवढं कशाला?" भिंगरीच्या आईने विचारलं होतं.

"असू दे. कुणाला कधी लागेल, सांगता येतं का?" आबा म्हणाले. "देवाने लाकूड दिलं गं, कुबडी नाही दिली. अर्धं काम तो आपल्यावर सोडतो. नाहीतर आपण करायचं काय दिवसभर?"

आबांचा देव असा होता. कामात भागीदार घेणारा. तो कुठे राहतो, कसा दिसतो याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. सांधा घट्ट बसला की ते म्हणत, "आता तो खूश." मलाही तो देव आवडायचा, कारण मी त्याच्याच अर्ध्या कामातून झाले होते.

पहिल्या भोकावर भिंगरी माझ्या आधाराने अंगणापर्यंत गेली. दुसऱ्या भोकावर गल्लीच्या टोकाच्या दुकानापर्यंत. पोरं मागे लागायची, तेव्हा ती मला उगारायची. तेही मला आवडायचं. मित्रांनो, माझं सगळं सुख त्या दोन भोकांत मावतं.

आता भिंगरीच्या बाबांचं सांगते. ते गवंडी होते. हाताला विलक्षण कसब, मुलीवर जीव. तो माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. दोन शिव्या हासडून मी मोकळी झाले असते. पण लग्नाआधी एकदा एक अर्धवट भिंत त्यांच्या अंगावर कोसळली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते विटांखाली होते. श्वास पुरेना तेव्हा त्यांनी देवाला सांगितलं, 'मी सगळं सोडलं, आता तूच.' आणि थोड्या वेळाने उजेड दिसला. त्या दिवसापासून त्यांचा देव ठरला. माणूस हातपाय हलवायचा थांबतो आणि पूर्ण विश्वास टाकतो, त्यालाच तो उचलतो.

ती भिंत कुणी उचलली, ते मला ठाऊक आहे. आबांनीच सांगितलं होतं. वखारीतल्या आठ माणसांनी वासे घालून उचलली होती. लाकडाने उचलली होती! त्यातल्या एकाची बोटं चिरडली, ती कायमची. पण हे बाबांना सांगितलं की ते शांतपणे म्हणत, "त्यांना पाठवलं कुणी?"

घरात आणखी एक देव होता, तो आत्याचा. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचा देव शिक्षा करणारा. कुणाचं काही बिघडलं की तिने नाकाने कांदे सोलत कारण शोधलंच म्हणून समजा. "देव उगाच कुणाचा पाय घेत नाही," ती भिंगरीच्या आईला ऐकवायची. "पोटुशी होतीस तेव्हा प्रार्थनेत हसली होतीस, मी पाहिलंय."

आई खरोखरच हसली होती. समोरच्या बाईला शिंक आली होती, म्हणून. पण त्या एका हसण्याचं ओझं तिने असं काही घेतलं, की नवरा काय किंवा नणंद काय, कुणापुढे तिचं तोंडच उघडेना. ती कपड्यांना इस्त्री करायचं काम करायची. मान खाली घालून इस्त्री फिरवत राहायची. मला तिचाही राग आहे. नंतर काय झालं ते सांगेनच, पण राग आहे.

भिंगरी आठ वर्षांची झाली तेव्हा एके दिवशी बाबा म्हणाले, "आपण देवाकडे पाय मागतो आणि हातात कुबडी धरतो. म्हणजे आपला भरवसा कुबडीवर. मग तो कशाला येईल?"

आबा तिथेच बसले होते. ते भडकले. "जावईबापू, मग तुम्ही परांची कशाला बांधता? आणि वर चढण्याआधी तिचे दोर चार वेळा ओढून का बघता? भरवसा आहे ना? उभे राहा की हवेत!"

"मामा, ते वेगळं."

"वेगळं काय त्यात? तुमच्या पायाखाली फळी पाहिजे, आणि पोरीच्या काखेत काठी नको?"

बाबांचा चेहरा लाल झाला. "माझ्या घरात माझ्या देवाची थट्टा नको. तुमचा देव तुमच्या दुकानात ठेवा."

आबा उठले आणि निघून गेले. ते पुन्हा त्या घरात आले नाहीत. त्याच वर्षी छातीच्या दुखण्याने गेले. बाबांनी मला उचललं, माळ्यावर नेऊन ठेवलं आणि शिडी काढून घेतली. आई इस्त्री फिरवत राहिली.

मित्रांनो, तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मला तळपाय एकच, आणि तोही रबराचा. पण तेवढाही पुरतो.

माळ्याच्या फळ्यांना फटी होत्या. मला सगळं दिसायचं. रोज संध्याकाळी बाबा कामावरून आले की हातपाय धुऊन भिंगरीला भिंतीला टेकवून उभी करत. स्वतः समोर गुडघ्यांवर बसत, हात पसरत.

"ये बाळ. भिंत सोड. तो धरणार आहे तुला."

ती भिंत सोडायची आणि पडायची. बरेचदा बाबाच झेप घेऊन तिला धरत. तिला छातीशी घेऊन रडत. खोटं कशाला सांगू, खरोखर रडत. आणि मग म्हणत, "उद्या. आज विश्वास जरासा कमी पडला."

कुणाचा कमी पडला, ते बोलत नसत. पण पोरीला कळायचं. ती पांघरुणात तोंड घालून पुटपुटायची, "देवा, आज कालच्यापेक्षा जास्त आहे. बघ ना, जास्त आहे." एकदा तिने बाबांना विचारलं, "विश्वास कसा वाढवायचा?" जेवण कसं वाढवायचं, केस कसे वाढवायचे, तसं. बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि तिला पुन्हा भिंतीपाशी नेलं.

दिवसा ती घरात खुरडत फिरायची. तिची शाळा बंद पडली होती. आत्या यायची, तिच्याकडे बघून उसासे टाकायची आणि आईकडे बघून जायची. मुलीची उंची वाढत होती आणि कंबर एका बाजूला कलत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं अगदी तशीच. इकडे मी वर नुसती आडवी! माझ्या दांड्यात तिसरं भोक होतं, चौथं होतं, पाचवं होतं. तिच्या मापाची होती सगळी. एकेक करून तिची ती वयं खालून निघून गेली. तुम्ही मला सांगा, कुठल्या देवाला हे हवं होतं? आणि एखाद्याला हवं असेल, तर त्याला देव म्हणायचं कशासाठी?

मग एक दिवस आई भिंगरीला आंघोळ घालत होती. दंडावर पाणी ओतल्याबरोबर पोर कळवळली. कोपर सुजून हिरवंनिळं झालं होतं.

"हे कधी लागलं?"

"दुपारी. मी एकटीच भिंतीपाशी करून बघत होते."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"बाबांना सांगू नकोस हं आई," भिंगरी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणीही नव्हतं. "माझीच चूक होती. भिंत सोडताना मला कुबडीची आठवण आली. म्हणून देवाने पाडलं."

आईच्या हातातला तांब्या तिथेच थांबला.

मीही ते ऐकलं. माझी आठवण काढली म्हणून पोर गुन्हेगार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण लाकूड ओरडणार कसं? ओरडली ती आई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. तिने मुलीला पंच्यात गुंडाळलं, शेजाऱ्यांकडून शिडी ओढत आणली आणि माळ्यावर चढली. माझ्यावरची धूळ तिने पदराने पुसलीसुद्धा नाही, तशीच ओढली खाली. बोल्ट गंजला होता. तिने तेल सोडलं, पक्कड लावली, शेवटी दातओठ खाऊन तो फिरवला. दुसऱ्या भोकातून बोल्ट निघाला. तिसऱ्यात घालून पाहिला, आखूड. चौथ्यात, आखूड. पाचव्यातही आखूडच. सहाव्यात घातला तेव्हा मी मुलीच्या काखेला लागले.

बाबा दारात आले, तर मुलगी खोलीच्या मधोमध उभी.

"हे काय केलंस?" ते हळूच म्हणाले. "इतकी वर्षं वाट पाहिली. आता तो रागावेल."

"रागावू दे," आई म्हणाली. "माझ्यावर रागावू दे. माझे दोन्ही पाय शाबूत आहेत, एक घेऊ दे. पण पोरीला परत त्या भिंतीपाशी उभं केलंत, तर या घरात तुम्ही आणि तुमचा देव दोघंच राहाल."

आत्याने नंतर तोंड घातलं. त्याचीही वाट आईने एका वाक्यात लावली. "वन्सं, मी हसले होते. शिंक आली तर पुन्हा हसेन."

त्यानंतर बाबा माझ्याकडे बघत नसत. मी भिंतीला टेकलेली असले तर वळसा घालून जात.

भिंगरी शाळेत गेली, आपल्यापेक्षा लहान मुलांच्या वर्गात बसली. कंबर वाकडी राहिली ती राहिलीच. मोठी झाल्यावर तिने आबांची हत्यारांची पेटी उघडली. आज ती बसून कपाटांचे खण बनवते आणि तिचे खण कधी अडकत नाहीत. तिला आता हलक्या, धातूच्या कुबड्या मिळाल्या. मी दाराआड गेले. त्याचं मला वाईट वाटलं नाही. काम झाल्यावर दाराआड जाणं वेगळं, आणि काम असताना माळ्यावर जाणं वेगळं.

गेल्या वर्षी बाबा पडले. परांचीवरून नव्हे, घराच्याच पायरीवरून. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, आधार घेऊन रोज चाला. पाहिलंत? तेच शब्द. म्हातारा काही दिवस भिंत धरून उभा राहायचा, ओठ हलवायचा, हात सोडायचा आणि घाईघाईने पुन्हा धरायचा. कुणी त्याला म्हणालं नाही की विश्वास कमी पडला. मी म्हणणार होते. मला तोंड नाही, हे त्याचं नशीब.

मग एका सकाळी त्यांनी लेकीला विचारलं, "आबांची ती कुबडी आहे का गं अजून?"

"आहे."

"मला पुरेल?"

ती मला घेऊन बाकावर बसली. सहावं भोकही त्यांना आखूड होतं. तेव्हा तिने आबांनी मोकळं सोडलेल्या त्या चार बोटांच्या लाकडावर खूण केली आणि सातवं भोक पाडलं. सरळ, स्वच्छ. आबांना सांधा बसल्यावर व्हायचा तसा आनंद मला झाला, आणि आनंद झाला म्हणून पुन्हा राग आला.

बाबांनी मला हातात घेतलं. "देवानेच तुझ्या हातात हे कसब दिलं," ते म्हणाले. म्हणजे अजून तेच!

"असेल बाबा," भिंगरी म्हणाली. "पण भोक मी पाडलं."

बाबांचं बोट माझ्या दांड्यावरून फिरलं. गवंड्याचं बोट ते, त्याला खडबडीत आणि गुळगुळीत चांगलं कळतं. पहिलं भोक बोल्टने घासून गुळगुळीत झालेलं. दुसरंही. सहावं तर काठाला झिजलेलं. मधल्या तिन्हींवर बोट थांबलं. तिथे आबांनी भोक पाडताना उठलेली लाकडाची कूस, बारीक कुसळं, अजून तशीच होती, बोटाला टोचणारी.

"ही तीन कोरीच राहिली," ते म्हणाले.

"हो बाबा. तेव्हा मी भिंतीपाशी होते."

बाबांनी मला काखेत घेतलं आणि पहिलं पाऊल टाकलं.

मित्रांनो, मी त्यांना पडू देत नाही. रोज त्यांचं सगळं वजन घेते, कुरकुर न करता. पण माफ केलं असं समजू नका. तुमचा देव कसा असावा ते मी सांगणार नाही, तेवढी माझी पोच नाही. कामाला लावणारा माना, शिक्षा करणारा माना, उचलून घेणारा माना, नाहीतर कुठलाच मानू नका. फक्त त्याची परीक्षा दुसऱ्याच्या पायावर घेऊ नका. आणि कुणाच्या काखेतली काठी काढून घ्यावीशी वाटली, तर आधी माझ्याकडे या आणि त्या तीन भोकांवरून बोट फिरवा. कूस टोचेल. टोचू दे.