उतरायला तयार नसलेला आकडा

मी एक जुनी व्यायामाची सायकल आहे. मला एकच चाक आहे आणि तेही जमिनीला टेकत नाही, त्यामुळे आयुष्यभर चालूनही मी एक पाऊलसुद्धा पुढे सरकलेली नाही. माझ्या दोन्ही मुठींवर धातूच्या पट्ट्या आहेत. त्या घट्ट धरल्या की धरणाऱ्याच्या हृदयाचे ठोके मला कळतात आणि मिनिटाला किती पडतात तो आकडा माझ्या छोट्या पडद्यावर उमटतो. ठोके कळेनासे झाले की आकडा जातो आणि तिथे दोन आडव्या रेघा येतात. मित्रांनो, त्या रेघा लक्षात ठेवा.

कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंचे ठोके मी सर्वांत आधी ऐकले. कामाची एवढी घाई, पण ठोके संथ. त्या रोज चढ चढून पायी कामावर येत. "ही बरोबर सांगते गं," असे शेजारणीला म्हणून त्यांनी मला पुढे ढकलले.

तिथून मला गणिताच्या एका सरांनी घरी आणले. जिना चढताना त्यांना दम लागायचा, म्हणून बायकोने भुणभुण लावली होती. सुरुवातीला थोडे पायडल मारले तरी त्यांचे हृदय धडधडू लागे. पण सर नेमाने बसत. आधी हळू, मग वेगात, मग पुन्हा हळू. काही महिन्यांत तेवढ्याच श्रमाला त्यांचे ठोके कमी पडू लागले आणि थांबल्यावर भराभर खाली येऊ लागले. बळकट झालेले हृदय कमी ठोक्यांत काम उरकते, हे मी त्यांच्या तळहातांतून शिकले. शेजारीपाजारी मला मुद्दाम बघायला येत. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढे सर मुख्याध्यापक झाले. "वेळ कुठे आहे?" हे वाक्य मला रोज ऐकू येऊ लागले. माझ्यावर आधी एक टॉवेल आला, मागोमाग शर्ट, मग ओल्या चादरी. माझी कपड्यांची दांडी झाली. मला राग आला नाही म्हटले तर खोटे ठरेल. सरांचे पोट सुटले, जिन्यावरचा दम परत आला आणि घराने त्याकडे काणाडोळा केला.

या घराला एक खोड होती. इथे प्रत्येक गोष्टीला गुण मिळत. भाजीच्या मिठाला, अक्षराला, पाहुण्यांच्या विनोदालासुद्धा. एका रविवारी सरांचा मेहुणा आला. तो रोज पोहणारा गडी. त्याने कपडे बाजूला सारले आणि चांगले दमदार पायडल मारले. पडद्यावर एकशे दहा आले.

"एवढेच? काठावर पास," सर म्हणाले. "सरक, आता मी दाखवतो."

ते बसताक्षणीच वेगात सुटले. आकडा एकशे सत्तरवर गेला. त्यांची मुलगी टाळ्या वाजवू लागली. ती एका जागी बसत नसे, म्हणून घरात सगळे तिला खार म्हणत. "बाबा पहिले," ती म्हणाली.

"दाजी, तुमच्यापुढे कोण टिकणार?" मेहुण्याने हात टेकले.

सर थांबले, पण मुठी धरून बसले. आकडा हलेना.

"बघा," ते धापा टाकत म्हणाले, "माझा आकडा उतरायलाही तयार नाही."

सगळे हसले. माझ्या पट्ट्यांना त्यांच्या तळहातांचा गार घाम लागला होता. मला भीती वाटली.

मग दर रविवारी शर्यत लागू लागली. मधूनच सरांचा एखादा ठोका चुकायचा. मला तो कळायचा, पण पडदा फक्त आकडा दाखवतो, चुकलेला ठोका दाखवत नाही. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

एका शनिवारी खार शाळेतून पळतच आली. खेळाच्या बाईंनी मुलांना मैदानाभोवती पळवून मनगटाची नाडी मोजायला लावली होती.

"बाबा, ठोके किती चढले याला गुण नसतात. थांबल्यावर लवकर उतरले तर हृदय चांगलं. तुमचे उतरतच नाहीत. आपण डॉक्टरांकडे जाऊ या."

सर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "उद्या मामाला शेवटचं हरवतो, मग तुझ्या बाईंचं ऐकतो."

रविवारी तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. "बाबा, हळू करा ना," ती म्हणत राहिली.

"थांब गं, थोडंच राहिलंय."

एकाएकी आकडा गेला आणि दोन रेघा आल्या. सरांनी मुठी सोडल्या असतील असे मला वाटले. पण त्यांचे हात मुठींवरच होते.

मेहुण्याने त्यांना उचलून दवाखान्यात नेले. सर परत आले नाहीत.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर फडक्याने पुसता येते. छातीतल्या यंत्राचे तसे नाही. त्याला रोज थोडे चालवा, वर्षानुवर्षे बसवून ठेवून एका दिवसात पळवू नका. ते थांबा म्हणाले तर ऐका.

आता माझ्यावर कपडे नसतात. रोज सकाळी खार बसते. आधी हळू, मग वेगात, मग पुन्हा हळू. थांबल्यावर तिचे ठोके भराभर उतरतात. ते पूर्ण उतरेपर्यंत ती माझ्या मुठी सोडत नाही, आणि सोडताना, त्या दोन रेघा येण्याआधीच, डोळे मिटून घेते.