सावडीचं मैदान

वैशाखरे गावातल्या मुलींचा पहिला फुटबॉल गावदेवीच्या जत्रेच्या वर्गणीतून आला, म्हणून संघाचं नाव गावदेवी. नाव होतं, मैदान नव्हतं. माळ असा उतरता, की चेंडू सुटला तर थेट ओढ्यात. मुरबाडचा एक बिल्डर म्हणाला, "मैदान करून देतो. फक्त संघाला माझ्या स्कीमचं नाव लावा." महिनाभरात उत्तर द्यायचं होतं. कर्णधार योगिनीला मैदान हवं होतं, पण नाव सोडायला जीव होत नव्हता.

तिनं मोबाइलवर युनियन बर्लिन या जर्मन क्लबची हकीकत वाचली. कामगारांचा क्लब, रानाच्या कडेला जुनं मैदान, ते नवं करायला पैसा नाही. तेव्हा दोन हजारांवर पाठीराखे कामाला आले आणि त्यांनी ते आपल्या हातांनी उभं केलं.

योगिनीनं घरोघर सांगितलं, "रविवारी माळावर श्रमदान आहे."

रविवारी माळावर अकरा मुली आणि एक कुत्रा.

ती रडकुंडीला येऊन चुलत आजोबांकडे, नामाआजाकडे गेली. ते विळ्याला धार लावत होते.

"आजा, एक मानूस नाय आला."

"श्रमदानाला सायेब येतो, फोटो काढतो, जातो. कोन येल?"

"बर्लिनला आले ना."

"ते त्यांच्यात. आपल्यात सावड चालते. तुझा दिस माझ्या शेतात, माझा तुझ्या. तू नुसती मागाया गेलीस गो. भात पिवळं पडलंय, दिसत नाय?"

दुसऱ्या दिवशी मुली विळे घेऊन हिराबाईच्या शेतात उतरल्या.

"पेंढी अशी ढिली बांधता?" हिराबाई म्हणाली. "म्हनूनच गोल खाता."

अशी तीन आठवड्यांत बावीस घरं झाली. भात खळ्यावर गेलं, आणि पुढच्या रविवारी बावीस घरांची माणसं कुदळी, पहारी, घमेली घेऊन माळावर आली. दुपारपर्यंत अर्धा उतार खणून झाला, मध्ये फक्त एक मोठा खडक अडला.

तेवढ्यात बिल्डरचा माणूस गाडीतून उतरला. "जेसीबी कधी पाठवू?"

योगिनीनं घाम पुसला. "नाव गावदेवीच राहील."

"मग साहेबांना काय मिळणार?"

हिराबाईनं डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं. "सावड फेडू की. सायबाचं भात कापून देऊ."

"साहेबांना शेती नाही."

"मंग कठीन हाय रे," हिराबाई म्हणाली.

माणूस हसला आणि गाडीत बसला. योगिनीनं पहार उचलली. मधला खडक अजून निघायचा होता.