सिंगापुरात अडकलेली गाणी

सांडोर गावच्या एकनाथांच्या घरात सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढे. पहाटेचा केळी-भाजीचा टेम्पो कधीतरी एकदा चुकला, तेव्हापासूनची ही रीत. टेम्पो बंद झाला, वाडी निम्मी उरली, रीत मात्र कुणी सोडली नाही. मुलानं, उमंगनं, फोनचं आणि परवाच आणलेल्या लॅपटॉपचं घड्याळसुद्धा हातानं पुढे करून ठेवलं होतं.

आज त्याच लॅपटॉपपुढे त्याला घाम फुटला होता. गेल्या वर्षी वारलेल्या आईची, आनंदीबाईंची, तिच्याच आवाजातली लग्नाची गाणी त्यानं जुन्या कंपनीच्या सिंगापूरच्या क्लाउडवर ठेवली होती. दुसरी प्रत नाही. एवढा शिकलेला माणूस, पण आळस! आता कंपनी गाशा गुंडाळत होती. तिथल्या जुन्या सहकाऱ्यानं, जेन्सननं, साहेबांच्या हातापाया पडून उमंगच्या नावाची, खातं उघडायची एक डिजिटल किल्ली मिळवून दिली होती. आपल्याकडच्या दुपारी बारा वाजता खातं पुसलं जाणार होतं.

काळ्या पडद्यावर त्यानं गाणी उतरवून घ्यायची आज्ञा टाइप केली. उत्तर आलं, डिजिटल सही अमान्य. खातं दुसरीकडे हलवलं असेल म्हणून त्यानं सर्व्हरचा विभाग मुंबई करून पाहिला, मग फ्रँकफर्ट. सगळीकडे तेच.

"अरे, किल्ली बरोबर आहे," जेन्सन फोनवर कळवळून म्हणाला. "माझ्या नावाची असती तर मीच गाणी काढून दिली असती ना!"

एकनाथ कानाचं यंत्र लावून शेजारी बसले होते. "आली का रे गाणी?"

"येतायत, बाबा."

त्यानं किल्ली पुसून नव्यानं घातली, सगळं सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवलं. सख्ख्या आईपाशी जायला ओळख पटत नव्हती, याचा त्याला संताप आला, मग रडूच आलं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. त्यानं लॅपटॉप मिटला.

"गेली, बाबा."

एकनाथांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.

बऱ्याच वेळानं चर्चची बाराची घंटा वाजू लागली.

उमंगनं भिंतीकडे पाहिलं. बारा वीस. लॅपटॉप सही करताना तिच्यात वेळही घालतो, आणि वीस मिनिटं पुढची सही कुठलाच विभाग मानत नाही. हे तो ऑफिसात नव्या पोरांना शिकवायचा.

त्यानं लॅपटॉपचं घड्याळ वीस मिनिटं मागे घेतलं, आज्ञा दिली. या वेळी सही चालली. खाली अक्षरं उमटली, असं खातं आता नाही.

त्यानं वळून पाहिलं. एकनाथांना घंटा ऐकूच आली नव्हती.